स्वभावाचा रिपोर्ट हातात आला, आता काय करायचं?

दहावी-बारावीचे निकाल लागले की समुपदेशकांचे फोन वाजायला लागतात. "मॅडम, मुलाची पर्सनॅलिटी टेस्ट केली, इंट्रोव्हर्ट आलाय. म्हणजे वकिली नकोच ना?" "मुलीनं कंपनीची ऑनलाइन टेस्ट दिली, पुढे मुलाखतीलाही बोलावलं नाही. तिच्या स्वभावात काही खोट आहे का?" "पत्रिका उत्तम जुळतेय, पण मुलगा म्हणतो आमचे टाइप जुळत नाहीत." दर वर्षी हेच प्रश्न येतात. चाचणीनं सांगितलेलं किती खरं मानायचं आणि त्यावर किती मोठा निर्णय टाकायचा, हे पालकांना आणि मुलांना कोणी समजावून सांगितलेलंच नसतं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. चांगल्या चाचणीवरून अभ्यासाची पद्धत, कामाची मांडणी, घरातलं वागणं यांत जरूर बदल करा. पण शाखा, नोकरी किंवा लग्न असा निर्णय एकट्या स्वभाव-चाचणीवर कधीही घेऊ नका.

आधी बघा, चाचणी नेमकी कशाची आहे

"टेस्ट केली" या दोन शब्दांत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. रिपोर्टच्या पहिल्या पानावर चाचणीचं नाव शोधा आणि ती पुढीलपैकी कशाची आहे ते विचारा:

- कल म्हणजे काय आवडतं. राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची घेतलेली कलचाचणी या प्रकारातली. आवड आहे म्हणजे जमेलच, असं ती सांगत नाही.
- क्षमता म्हणजे काय जमतं. आकडे, भाषा, आकृत्या, तर्क यांची वेळ लावून घेतलेली परीक्षा. इथे बरोबर आणि चूक उत्तरं असतात.
- स्वभाव म्हणजे एरवी कसं वागणं होतं. इथे बरोबर-चूक काही नसतं. तुम्हीच तुमच्याबद्दल जे सांगता, त्याचीच बेरीज करून तुम्हाला परत दिली जाते.

शाखा निवडताना पहिल्या दोन चाचण्यांचा उपयोग जास्त आणि तिसरीचा सर्वांत कमी होतो. घरोघरी मात्र तिसरीवरच सगळी चर्चा रंगते, कारण ती वाचायला मजा येते.

बोटांच्या ठशांवरून स्वभाव कळत नाही

एक आई स्पायरल बाइंडिंग केलेला जाडजूड रिपोर्ट घेऊन आल्या होत्या. गुळगुळीत कागद, मेंदूचं रंगीत चित्र आणि आठ वर्षांच्या मुलाच्या नावाखाली ठळक अक्षरांत एक शब्द: कबुतर. गरुड, मोर, घुबड आणि कबुतर अशा चार पक्ष्यांत मुलांची वाटणी केलेली होती. पुढच्या पानावरच्या तक्त्यात गणिताचा खांब सगळ्यांत बुटका. रिपोर्ट आल्यावर आईनं अबॅकसचा क्लास बंद केला होता. मी मुलाला विचारलं, क्लास का सोडलास? तो म्हणाला, "माझ्या बोटांत गणित नाहीये."

ही 'डीएमआयटी' नावाची चाचणी. शाळांच्या वार्षिक मेळाव्यांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये ती सर्रास विकली जाते. बोटांवरच्या रेषा बाळ जन्माला येण्याआधीच पक्क्या होतात. त्या वळणांवरून बुद्धी किंवा स्वभाव ओळखता येतो, याला काहीही पुरावा नाही. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनंही या चाचणीला शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका जाहीर केली आहे. हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या बहुविध बुद्धिमत्तेच्या कल्पनेचा या रिपोर्टांत वारंवार उल्लेख असतो. पण गार्डनर यांनी ठशांची कोणतीही चाचणी बनवलेली नाही.

शाळेनं ही चाचणी सुचवली तर "आम्हाला नको" असं लेखी कळवा. पैसे देऊन झाले असतील आणि जाहिरातीत 'शंभर टक्के शास्त्रीय' असे दावे असतील, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार करता येते. पावती आणि जाहिरातपत्रक जपून ठेवा. आणि मुलाला पक्षी, रंग किंवा टक्के यांतलं काही कळलं असेल, तर ते खोटं आहे असं त्याला स्वच्छ शब्दांत सांगा. मोठ्यांची चूक झाली हे कबूल केलं, की मुलांच्या मनावरचं ओझं फार लवकर उतरतं.

सोळा टाइप की पाच पट्ट्या?

चार इंग्रजी अक्षरांत टाइप सांगणारी चाचणी म्हणजे 'मायर्स-ब्रिग्ज'. कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल ब्रिग्ज मायर्स या मायलेकींनी ती कार्ल युंग यांच्या कल्पनांवरून तयार केली. तिची अडचण समजायला दहावीची मार्कलिस्ट आठवा. ३४ मार्कवाला नापास, ३६ मार्कवाला पास, आणि ३६ वाला ९० वाल्याच्या रांगेत. बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुख या पट्टीवर मध्याच्या आसपास असतात. मधोमध रेघ मारून दोन खोके केले, की जरा मनःस्थिती बदलली तरी माणूस पलीकडच्या खोक्यात जातो. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. नोकरीसाठी माणसं निवडायला ही चाचणी वापरू नये, असं तिचे प्रकाशक स्वतःच सांगतात.

संशोधक जास्त भरवसा ठेवतात तो 'बिग फाइव्ह' म्हणजे पाच पट्ट्यांच्या पद्धतीवर. नव्या कल्पना-अनुभवांची ओढ, काटेकोरपणा आणि शिस्त, माणसांत रमणं, समोरच्याशी जुळवून घेणं, आणि काळजी-अस्वस्थता चटकन वाटणं, अशा या पाच पट्ट्या. प्रत्येकावर तुम्ही कुठेतरी असता, कमी किंवा जास्त. 'तुम्ही अमुक प्रकारचे' असं ही चाचणी म्हणत नाही. निवड तुमच्या हातात असेल, तर पट्ट्यांची चाचणी घ्या.

रिपोर्ट वाचताना

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली एकोणीस वर्षांची मुलगी. तिच्या रिपोर्टमध्ये माणसांत रमण्याचे गुण अगदी तळाला होते. मी मूळ प्रश्नपत्रिका मागवून घेतली. त्यात एक विधान होतं: पार्टीत मी अनोळखी लोकांशी सहज बोलते. तिनं 'अजिबात नाही' वर खूण केली होती. मी विचारलं, पार्टीला कधी गेली आहेस? ती म्हणाली, "नाही मॅडम, कधीच नाही." मग मी विचारलं, गावात गणपतीची वर्गणी कोण गोळा करतं? ती म्हणाली, "मीच. शंभर घरं करते. जे देत नाहीत त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पण जाते."

प्रश्न तिच्या आयुष्यातला नव्हता, म्हणून उत्तरही तिचं आलं नाही. इंग्रजीतून घाईनं मराठीत आणलेल्या चाचण्यांत हे फार होतं. म्हणून रिपोर्ट हातात घेतल्यावर एवढं तपासा:

१. तुलना कोणाशी केली आहे? '२० पर्सेंटाइल' म्हणजे शंभरातल्या साधारण वीस जणांचे गुण तुमच्यापेक्षा कमी. पण ते शंभर जण कोण? चाचणी भारतीय, शक्यतो मराठी माध्यमातल्या आणि तुमच्या वयाच्या लोकांवर प्रमाणित केलेली आहे का, हे विचाराच. उत्तर टाळलं गेलं, तर आकडे बाजूला ठेवा.

२. ते वर्णन शेजाऱ्यालाही लागू पडतं का? १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वर्णन' म्हणून कागद दिला. ते किती अचूक आहे, याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सगळ्यांना दिलेला मजकूर एकच होता आणि तो मुख्यतः एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. तुमच्या रिपोर्टमधलं एखादं वाक्य बहिणीला, शेजाऱ्याला लावून बघा. सगळ्यांना चपखल बसत असेल, तर त्या वाक्याला किंमत देऊ नका.

३. त्या दिवशी काय चाललं होतं? ताप, घरातलं भांडण, परीक्षेचा ताण, शेजारी बसून उत्तरं सुचवणारे वडील, यांतलं काहीही असलं तर चाचणी पुन्हा घ्या.

४. प्रत्यक्ष कोणी बोललं का? नुसता पीडीएफ पाठवून काम संपवणाऱ्यांकडे पुन्हा जाऊ नका. चांगला समुपदेशक रिपोर्ट आणि मुलाचं बोलणं शेजारी ठेवून बघतो. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेत मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम अनेक वर्षं चालू आहे. तिथे किंवा विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात चौकशी केली, तर तुमच्या भागातलं योग्य नाव मिळू शकतं.

नोकरीसाठी चाचणी आली तर

खासगी कंपन्या स्वभाव-चाचणी घेतात, त्यामागे थोडं तथ्य आहे. काटेकोरपणाच्या पट्टीचा आणि कामगिरीचा संबंध बहुतेक प्रकारच्या कामांत सापडला आहे. पण तो संबंध माफकच आहे. कमी गुण आले म्हणजे काम जमणार नाही, असा त्याचा अर्थ निघत नाही.

उत्तरं देताना 'आदर्श माणूस' रंगवू नका. एकच गोष्ट तीन वेगळ्या शब्दांत विचारलेली असते, आणि "मी कधीच कोणावर चिडत नाही" यासारखी विधानं बढाई पकडायलाच टाकलेली असतात. कामाच्या ठिकाणी तुम्ही जसे असता, ते डोळ्यांसमोर आणून उत्तर द्या. निवड झाली नाही तर रिपोर्ट मिळेल का, तो किती दिवस ठेवला जाईल, असं नम्र ई-मेल पाठवून विचारा. अनेक कंपन्या उत्तर देणार नाहीत, काही देतात.

सैन्यदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथला घाव खोल असतो. एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या, मुलाखती पाच दिवस चालतात. मानसशास्त्रीय चाचणीच्या दिवशी बारा चित्रांवर गोष्टी लिहायच्या असतात, त्यांतलं शेवटचं चित्र कोरं. मग साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. मग साठ प्रसंगांवर अर्ध्या तासात प्रतिक्रिया. शेवटी स्वतःचं वर्णन: आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात आणि तुम्ही स्वतः काय म्हणता. क्लासमध्ये पाठ केलेल्या गोष्टी इथे उघड्या पडतात. गोष्टीतला नायक धाडसी आणि समूहकार्यात उमेदवार गप्प, ही विसंगती लगेच नजरेत भरते. तयारी करायचीच असेल तर खऱ्या आयुष्यात करा. गावच्या स्पर्धेचं आयोजन अंगावर घ्या, मैदानावर खेळा, रोज पेपर वाचून त्यावर मित्रांशी बोला.

आणि निवड झाली नाही, तर "माझ्यात अधिकाऱ्याचे गुण नाहीत" असा शिक्का स्वतःवर मारू नका. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात शिफारस मिळालेले अधिकारी सैन्यात आहेत. मंडळ त्या पाच दिवसांतलं वागणं एका विशिष्ट कामासाठी तपासतं, संपूर्ण माणूस मोजत नाही. पालकांनो, मुलगा परतीच्या गाडीत बसला असेल, तर फोनवर पहिला प्रश्न "काय चुकलं?" हा नको. "जेवलास का?" एवढंच विचारा.

लग्न ठरवताना

टाइप जुळवून लग्न ठरवण्याला आधार नाही. दोघांचे स्वभाव सारखे असल्यानं संसारातल्या समाधानात फारसा फरक पडत नाही, हे मोठ्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. त्यापेक्षा पुढचं बोलून घ्या:

- राग आल्यावर तुम्ही काय करता? शेवटचा मोठा राग कधी आला होता, आणि मग काय झालं?
- पगार कुठे जातो? घरी किती देता? कर्ज आहे का?
- घरात कोणी आजारी पडलं, तर रजा कोण घेतं?
- ठरलेल्या वेळेला उशीर झाला, तर कळवता का?

'मी शांत स्वभावाचा आहे' यापेक्षा प्रसंग ऐका. हीच पद्धत घरातही वापरा. तापट, भिडस्त, मानी, चेंगट, वेंधळा असे शब्द मराठीत ढिगानं आहेत आणि ते जन्मभर चिकटतात. आठवडाभर असा शब्द तोंडात आला, की त्याच्या जागी घडलेला प्रसंग सांगा. "तू वेंधळाच आहेस" ऐवजी "या आठवड्यात डबा दोनदा घरी राहिला" असं म्हणा. डब्यावर उपाय करता येतो: पिशवी रात्रीच दाराशी ठेवायची.

स्वभावाला औषध नाही?

ही म्हण आपण फार सहज वापरतो, आणि ती पूर्ण खरी नाही. माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांपैकी साधारण चाळीस ते पन्नास टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडलेला असतो, हे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं. तरीही बदलाला वाव असतो. विशीपासून चाळिशीपर्यंत बहुतेक माणसं हळूहळू जास्त शिस्तीची आणि कमी अस्वस्थ होत जातात. सोळाव्या वर्षीच्या रिपोर्टवर छत्तिसाव्या वर्षाचं गणित मांडू नये, ते यासाठीच.

बदल हवा असेल तर इच्छा पुरत नाही, ठरवलेली छोटी कृती लागते. "मी बोलका होईन" हे ठरवून काही होत नाही. "मंगळवारच्या मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारेन" हे होतं. एका वेळी एकच पट्टी घ्या, दोन-तीन महिने द्या, वहीत खूण करा. जे स्वभावाविरुद्ध आहे ते करावं लागणार असेल, तर विसाव्याची जागा आधी ठरवा. दिवसभर वर्गात बोलणाऱ्या अबोल शिक्षिकेला घरी आल्यावर अर्धा तास कोणी हाक मारू नये, असं घरच्यांनी ठरवलं, तर ती नोकरी आनंदानं करते.

हे 'स्वभाव' म्हणून सोडून देऊ नका

इथे कृपया थांबून वाचा.

- अचानक बदललेलं वागणं. साठीनंतर शांत माणूस एकदम शिवीगाळ करायला लागला, काटेकोर माणूस पैसे उधळायला लागला, तर "वय झालं" म्हणू नका. थायरॉइड, नैराश्य, स्मृतिभ्रंश, मेंदूतला रक्तस्राव, एखाद्या औषधाचा परिणाम, यांपैकी काहीही असू शकतं. आधी डॉक्टरांकडे न्या.
- मारहाण. "ते जरा तापट आहेत, मनानं चांगले आहेत." साहेबांसमोर ज्याला राग आवरतो आणि बायकोसमोर आवरत नाही, त्याचा प्रश्न स्वभावाचा नाही. २००५ च्या कायद्यानं घरगुती हिंसेपासून संरक्षण मिळतं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीच्या वेळी ११२.
- मिटून जाणं. मूल 'लाजाळू' आहे म्हणून नव्हे, तर झोप, भूक, खेळ सगळंच सुटलंय म्हणून गप्प असेल, तर तो अंतर्मुखपणा नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

रील्स बघून नवऱ्याला, सासूला, बॉसला 'नार्सिसिस्ट' ठरवू नका. व्यक्तिमत्त्व विकाराचं निदान मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ अनेक भेटींनंतर करतात. अठराच्या आतल्या मुलांत ते सहसा केलंच जात नाही.

तुमचे हक्क

- नोंदणी विचारा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. क्रमांक मागण्यात काही वावगं नाही. समुपदेशक असतील तर मानसशास्त्रातली पदवी आणि त्या चाचणीचं प्रशिक्षण कुठे झालं ते विचारा.
- गोपनीयता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधील कलम २३ नुसार उपचारांतली माहिती गुप्त राहिली पाहिजे. कलम २५ नुसार स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मागता येतात. उपचारासाठी केलेली चाचणी शाळेला, कार्यालयाला किंवा सासरी परस्पर कळवता येत नाही. काही अपवाद आहेत, उदाहरणार्थ कोणाच्या जिवाला धोका असणं.
- डिजिटल माहिती. ऑनलाइन चाचणी देताना मोबाइल क्रमांक आणि मुलाचं नाव देण्याआधी बघा, माहिती कशासाठी घेताहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची आणि माहिती खोडायला सांगण्याची तरतूद आहे. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं होते आहे, तरी आजपासूनच लेखी विचारायची सवय लावा.
- नकार. शाळेतली स्वभाव-चाचणी सक्तीची नसते. मुलाला नको असेल, तर त्याचंही ऐका.

घरात मुलाचा असा रिपोर्ट असेल, तर आज तो काढा आणि पहिल्या पानावर चाचणी घेतल्याची तारीख आणि मुलाचं तेव्हाचं वय पेनानं लिहा. दोन वर्षं उलटून गेली असतील, तर तो रिपोर्ट आता कोणालाही दाखवू नका, मुलालाही नाही.